आकाशातलं पाणी आणि काकांचा बोर

आधीच सांगून टाकते, मला जमिनीखालचं पाणी दिसत न्हाई. हे वाक्य मी मे महिन्यात इतक्या जणांना सांगितलंय की आता झोपेत बी बोलत असेन. मला दिसतं ते वरचं पाणी. वरचं म्हंजे ढगातलं न्हाई, अजून वर. लय वर. उजेड हजारो वर्षं न थांबता पळत राहिला तर जिथं पोचंल तिथलं.

मी पीएचडी करायले, दुसरं वर्ष चालू हाय. विषय असा की आपल्या सूर्याच्या आठपट, दहापट, कधी तर तीसपट जड तारे जन्मतात कसे. हे लय मोठं कोडं हाय बरं का! कारण हे तारे जन्मतात तवा धुळीच्या एवढ्या जाड गोधडीत गुंडाळलेले असतात की साध्या दुर्बिणीतून नुसता काळा डाग दिसतो. आणि गोधडी फाडून बाहेर येईस्तोवर त्यांचं लहानपण संपलेलं असतं. मग बघायचं कसं? तर असं बाळ जेवताना लय सांडतं. आजूबाजूचा वायू गिळतं आणि त्यातला बराचसा दोन बाजूंनी झोतासारखा बाहेर फेकतं. हे झोत भोवतीच्या वायूवर जाऊन आदळले की तिथली पाण्याची वाफ तापते, चेकाळते, आणि एका ठरलेल्या लहरीवर रेडिओ सोडायला लागते. तो बी साधा न्हाई, एकाचे हजार होत होत मोठा झालेला. त्याला मेसर म्हणतात. लेसरचा रेडिओवाला भाऊ समजा. उजेड धुळीत अडकतो, पण रेडिओ धुळीला मोजतच न्हाई, आरपार येतो. म्हंजे आमी बाळ बघतच न्हाई. बाळानं सांडलेलं बघतो आणि त्यावरून ठरवतो ते किती जेवलं.

हे मी आईला फोनवर सांगितलं, ही माझी चूक.

आई म्हणली, "एकाचे हजार कसे होतेत?" मी म्हणलं, "लग्नात बघ. सगळे मुठीत अक्षता धरून हात वर करून उभे असतेत का न्हाई? मंगलाष्टक संपायच्या आधीच मागून कुणीतरी घाई करतो आणि टाकतो. मग?"

"मग सगळेच टाकतेत," आई म्हणली. "तुझ्या मावशीच्या लग्नात तर भटजी ओरडायलेत थांबा थांबा, आणि इकडं परात रिकामी."

"बास. तसंच हाय ते. वाफेचा एकेक कण मूठ भरून तयार असतो. एकानं सोडली की ती बघून शेजारचा सोडतो, त्याच दिशेला, त्याच ठेक्यात. मग पुढचा. मग पुढचा. हितं पोचेस्तोवर नुसता पाऊस."

आईला हे इतकं पटलं की तिनं दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. तिथून ते पिठाच्या गिरणीवर गेलं, गिरणीवरून पारावर. जाता जाता अक्षता गळाल्या, बाळ गळालं, तारा गळाला, धूळ गळाली. उरलं एवढंच की अमक्याची पोरगी लाखो कोसांवरचं पाणी यंत्रात बघती.

मी सुट्टीला म्हणून पेडगावात उतरले तर स्टेशनाच्या बाहेर एक अनोळखी मामा माझी बॅग धरूनच उभे. म्हणले, "तू पाणीवाली का?" मी म्हणलं, "न्हाई हो, मी खगोलवाली." ते म्हणले, "तेच ते." आणि बॅग उचलून चालायला लागले. रस्ताभर त्यांच्या शेताचा उतार कोणत्या बाजूला हाय ते सांगत होते.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गेलं न्हाई ते काकांमुळं.

काका म्हंजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा पूर्णेला रेल्वेत, ड्युटीवरून कधी येतेत कधी जातेत त्यांनाच माहीत, म्हणून रान सगळं काका बघतेत. त्यांनी तीन वर्षांपूर्वी कापूस मोडून मोसंबी लावली. दोनशे दहा झाडं. सगळ्या गावानं वेड्यात काढलं होतं. तीन वर्षं नुसती झाडं पोसली, आणि यंदा चौथ्या वर्षी पहिला बहार धरला. लिंबाएवढी फळं लागली होती. आणि नेमकी यंदाच विहीर तळाला गेली. मी गेले तवा झाडांची पानं पळसाच्या द्रोणासारखी आत वळलेली होती, दुपारी तर झाडं हात जोडून उभी असल्यासारखी दिसायची. काकांनी बोर घ्यायचं ठरवलं. एकच बोर. गाडी एका दिवसासाठी येणार, एक भोक मारणार आणि पुढच्या गावाला जाणार, परत यायला महिना. महिनाभर ती झाडं काय थांबली नसती. म्हंजे पॉइंट चुकला की दोनशे दहा झाडं सरपण. एवढा सगळा हिशोब काकांनी मला पहिल्याच सकाळी चहासोबत सांगितला आणि म्हणले, "मग बाई, कुठं मारायचा?"

मी म्हणलं, "काका, मला न्हाई कळत त्यातलं."

"एवढं लांबचं दिसतं आणि दोनशे फुटावरचं न्हाई दिसत?"

"ते यंत्र वेगळं असतं."

"यंत्र तर तुपल्या मांडीवरच हाय की."

"काका, यंत्र परदेशात हाय. एवढी मोठी तबकडी हाय तिकडं, आपल्या शाळेच्या मैदानाएवढी. हा लॅपटॉप म्हंजे नुसती तिची काच."

"मग तिकडच्यांना फोन लावून इचार ना."

मी म्हणलं तुमी रीतसर पाणाड्या बोलवा. तर काका तोंड वाकडं करून म्हणले, "बोलवलाय. चुडाव्याचे आजोबा येणार हायेत. पण त्यांचे मागचे दोन पॉइंट फेल गेले." आणि मग अगदी हळू, चहाच्या कपात बघत: "म्हणून तुला इचारायलो."

तुमाला वाटेल मी काय दगड हाय का. न्हाई हो, मला लय वाईट वाटलं. पण वाईट वाटून पाणी दिसत न्हाई ना!

आता इकडं माझं आपलं वेगळंच चालू होतं. मला त्या तबकडीवर दर पंधरा दिवसांनी दीड तास मिळायचा, एकाच बाळावर नजर ठेवायला. घरी असलं तरी लॅपटॉपवरून बघायचं, तिकडचा माणूस चालवतो, आपण सोबत बसायचं, काही वेगळं दिसलं तर सांगायचं. गावात नेटवर्क म्हंजे काय सांगू, घरात फोन धरून गच्चीवर जा, गच्चीवरून शिडीवर जा. पूर्ण शिवारात चार काड्या कुठं येतेत तर काकांच्या रानात, धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, बाभळीखाली. आणि माझा दीड तास कोणत्या दिवशी आला? बोरची गाडी येणार त्याच दिवशी. साडेअकरा ते एक.

तर सकाळी आठला चुडाव्याचे आजोबा आले. पॅसेंजरनं, पांढरं धोतर, काखेत पिशवी, पिशवीत नारळ. चपला काढल्या, नारळ आडवा तळहातावर ठेवला आणि रानातून चालायला लागले. मागं पंचवीस-तीस माणूस. खालच्या ओळींच्या कोपऱ्यात, जुन्या नाल्याच्या काठी, त्यांचं अंग असं झटकन उडालं आणि नारळ हातावर उभा राहिला. तीनदा फिरून आले, तीनदा तिथंच. तिथं दगड ठेवला, चुना टाकला. लोक म्हणले "हां," पण असं म्हणले जसं पेपर अवघड गेल्यावर पोरं म्हणतेत.

मी साडेअकराला बाभळीखाली घोंगडी टाकली, चपला काढल्या, मांडी घातली, लॅपटॉप उघडला, डोक्यावर ओढणी घेतली कारण ऊन असं की काचेवर काही दिसेना. कानात हेडफोन. मला काय माहीत मागं काय चाललंय! नंतर कळलं की मी चपला काढल्या तवाच कुजबुज सुरू झाली होती. "अनवाणी बसली बघ." "डोक्यावर पदर घेतला." "बोलत न्हाई कुणाशी."

पहिला अर्धा तास नेहमीसारखाच. काचेवर गवतासारखी रेष, त्यात माझी ओळखीची तीन टोकं. वाफेचा एकेक गोळा वेगवेगळ्या वेगानं पळतो म्हणून प्रत्येकाचं टोक वेगळ्या जागी येतं. तिकडच्या माणसानं लिहिलं, आमच्याकडं थोडे ढग हायेत, ढगातलं पाणी मध्ये येतं, वेळ लागंल. हे आमचं नेहमीचंच रडगाणं, वरचं पाणी बघायचं तर मधलं पाणी आडवं येतं. मी लिहिलं, चालतंय.

आणि बारा वाजून काही मिनिटांनी रेष हलली. माझी तीन टोकं अचानक बुटकी झाली. मला वाटलं बिघडलं. मग लक्षात आलं की ती बुटकी झालेली न्हाईत, शेजारी एक नवीन टोक एवढं उंच आलंय की सगळ्या काचेत मावेना म्हणून यंत्रानं मापच बदललंय! पंधरा दिवसांपूर्वी तिथं काही नव्हतं. काही म्हंजे काहीच! बाळानं काहीतरी मोठा घास गिळला होता, तो सांडला होता, आणि ते मला, पेडगावात, बाभळीखाली...

मी उडालेच. खरंच, बसल्या जागेवरून दोन्ही पाय उचलून. लॅपटॉप एका हातात आणि दुसरा हात वर. ओरडले, "आला! आला! आला!"

मागं वळले तर चाळीस माणसं. आणि सगळ्यांची तोंडं उघडी.

कुणीतरी म्हणलं, "नारळ तरी एवढा उडत न्हाई."

"तीनदा म्हणली. मोजलं मी. तीनदा."

काका पळत आले, हातात कुंकवाची पुडी. मी घोंगडीवरून बाजूला व्हायच्या आत त्यांनी घोंगडी ओढली, जिथं मी बसले होते तिथं दगड ठेवला, कुंकू लावलं, आणि त्यांच्या डोळ्यात पाणी. मी म्हणलं, "काका, न्हाई! हे ते न्हाई! हे वरचं हाय!"

"वरचंच पायजे बाई, लय खोल जायची ताकद न्हाई आपली."

"मला जमिनीतलं काही कळत न्हाई हो! शप्पथ!"

तर मागून एक म्हातारी म्हणली, "खऱ्याला कधी येतं म्हणून सांगावं लागत न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. मी अजून जोरात न्हाई म्हणलं. माना अजून जोरात डोलल्या. शेवटी मी इंग्रजी फेकलं, मेसर, स्पेक्ट्रम, फ्लेअर. ते ऐकून दोघांनी चपला काढल्या.

तेवढ्यात बोरची गाडी आली. गाडीवाला तामिळनाडूकडचा, वर्षातले सहा महिने आपल्या भागात, हिंदी त्याची त्याचीच. म्हणला, "पॉइंट किधर? जल्दी बोलो, शाम को दुसरा गाव है." काकांनी माझ्या दगडाकडं बोट दाखवलं.

आता बघा माझी अवस्था. हातात माझ्या दोन वर्षांतली सगळ्यात भारी गोष्ट चालू हाय, कानात तिकडचा माणूस लिहायलाय ते वाजायलंय, आणि समोर काकांची दोनशे दहा झाडं माझ्या उडीवर जायलीत. आणि त्या जागेत काय खास होतं? चार काड्या नेटवर्क!

आजोबा दिसले. ते लांब, मोसंबीच्या सावलीत उकिडवे बसून तंबाखू मळत होते. मी लॅपटॉप घेऊन पळतच गेले.

ते वर न बघता म्हणले, "ये माय. उचल आता मपलं दुकान, तूच चालव."

"आजोबा, मला काही येत न्हाई. तुमी तरी सांगा त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतेन म्हाताऱ्याचं पोट दुखायलंय." मग तंबाखू ओठात ठेवून म्हणले, "काय बघतीस त्याच्यात?"

मी सांगितलं. धूळ, बाळ, सांडलेलं. त्यांनी अगदी कान देऊन ऐकलं. चाळीस माणसांत त्यांनी एकट्यानं ऐकलं.

"म्हंजे चांदणी दिसत न्हाई. तिच्यापाशी काय हालतंय त्यावरून वळखतीस."

"हां!"

"मंग मी दुसरं काय करतो? पाणी कुणाला दिसतं? तो नाला बघ. तिथं वारुळं हायेत सात. ते उंबर बघ, आसपासचं सगळं वाळलं, ते हिरवं. सकाळी तिथं दगडाखाली हात घातला तर गार लागतं. काल संध्याकाळीच येऊन बघून गेलो मी, पूर्णेच्या गाडीनं माघारी गेलो."

"मग नारळ?"

"नारळ लोकांसाठी. नारळ न्हाई धरला तर वारुळाचं ऐकतंय कोन?"

मी म्हणलं, मग मागचे दोन? ते म्हणले, "ते मालकांनी सांगितलं, आमच्या दाराजवळ बघा. दाराजवळ पाणी ठेवलंय का देवानं?"

म्हंजे त्यांच्या पॉइंटाला काहीतरी आधार होता, आणि माझ्या पॉइंटाला माझे पाय. मी तिथल्या तिथं ठरवलं. म्हणलं, "आजोबा, मी तुमच्या दगडावर जाऊन उडते."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "उडायचं तर नीट उड. मघाशी बेडकावानी उडालीस. आधी अंग थरथरलं पायजे, इथून, पोटऱ्यांतून. डोळे झाकून न्हाई, अर्धे. आणि वरडू नकोस, पाणी लाजतं."

मी म्हणलं, "असं?" आणि थोडं थरथरून दाखवलं.

"थंडी वाजल्यासारखं नको. वीज बसल्यासारखं."

मोसंबीच्या आड मी दोनदा सराव केला. पीएचडी करणारी मी! मग लॅपटॉप पोटाशी धरून चुन्याच्या दगडाकडं चालायला लागले, अनवाणी, आणि जमीन अशी तापलेली की थरथरायला वेगळं काही करावंच लागलं न्हाई. लोक धावत मागं. चालता चालता काचेवर गोल फिरायला लागलं, मग लिहून आलं की जोडणी तुटली. माझा दीड तास तिथं संपला. पण आता वळता येत नव्हतं. दगडापाशी पोचले. अर्धे डोळे. पोटऱ्या. वीज. उडाले.

"हितं बी उडाली!"

"म्हंजे दोन हायेत!"

मी गंभीर तोंड करून काकांना म्हणलं, "काका, हितं जास्त हाय." आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि ते बी शास्त्राच्या नावावर. आजोबा लांबून खाली बघून हसू दाबत होते.

काका गोंधळले. माझ्या दगडाकडं बघितलं, चुन्याच्या दगडाकडं बघितलं. एक म्हणला, पहिली उडी खरी. दुसरा म्हणला, दुसरी उडी उंच होती, माझ्याकडं दोन्हीचं शूटिंग हाय, बघा. आणि खरंच ते मोबाईलवर लावून, मागं-पुढं करून, बघायला लागले! गाडीवाला म्हणला, "अरे भाई, पिच्चर बाद में देखो."

मग गावातले एक जाणते, भावकीची भांडणं मिटवणारे, पुढं आले. त्यांनी घसा साफ केला तवाच मला भीती वाटली. म्हणले, "हे बघा. म्हातारा चुडाव्याहून आला, त्याचा मान हाय. पोरगी आपली हाय, शिकलेली, तिचा बी मान हाय. हिच्या दगडावर मारला तर त्याचा अपमान. त्याच्या दगडावर मारला तर म्हणतेन मग हिचं पहिलं खोटं. तर दोन्हीच्या मधोमध घ्या."

"न्हाई!" मी आणि आजोबा एकाच वेळी ओरडलो.

जाणते म्हणले, "बघा, दोघांचं एकमत झालं."

मी म्हणलं, काका, मधोमध कुणीच काही बघितलं न्हाई हो! काका म्हणले, "म्हणून तर कुणाचंच चुकणार न्हाई बाई." अगदी शांतपणे म्हणले. मला तवा कळलं, त्यांना पाणी न लागण्याइतकीच भीती होती की उद्या ही झाडं वाळली तर ती कुणाच्या नावावर वाळतील. पोरीच्या नावावर नको, म्हाताऱ्याच्या नावावर नको.

कासरा आणला. एक टोक माझ्या दगडाला, एक चुन्याच्या दगडाला. मग दुमडला. अर्धा झाला तिथं काकांनी टाच मारली. तिथं काय होतं माहितीये? काहीच नव्हतं. एक ढेकूळ होतं.

गाडीनं दात लावले आणि असा आवाज की कबुतरं सगळी उडाली. काळी माती, मुरूम, मग दगड. पन्नास फूट, नुसता पांढरा फुफाटा. आमी सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. शंभर फूट, फुफाटा. काका धुऱ्यावर बसले, दोन्ही हात डोक्याच्या मागं. दीडशे, फुफाटा. गाडीवाल्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, और जाने का?" मला! काकांनी बी माझ्याकडं बघितलं. मी आजोबांकडं बघितलं. आजोबांनी उठून तिथला फुफाटा चिमटीत घेतला, चोळला, हुंगला आणि म्हणले, "गार हाय. जाऊ द्या."

एकशे ऐंशीला फुफाट्याचे गोळे पडायला लागले. दोनशे दहाला आधी फसफस झाली, मग राखाडी चिखलाची एक पिचकारी आली आणि सरळ जाणत्यांच्या टोपीवर. मग पाणी. लय न्हाई. गाडीवाला बघून म्हणला, "डेढ इंच." पण पाणी! काका उठून त्याच्या खालीच जाऊन उभे राहिले, कपड्यासकट, तोंड उघडून, आणि त्या आवाजात ते ओरडत होते की रडत होते हे मला अजून बी सांगता येणार न्हाई.

त्यानंतर जे झालं ते सांगायला लाज वाटती. आजोबा म्हणले, मपल्या दगडापासून वीस पावलं. गाव म्हणलं, हिच्या दगडापासून बी वीसच. जाणते म्हणले, आणि मधोमध कोणी सांगितलं? तिघांना तीन नारळ आणि तीन टोप्या. मला बी टोपी.

संध्याकाळी गच्चीवर शिडी लावून आमच्या सरांना फोन केला, पार रडकुंडीला येऊन, म्हणलं सर, जोडणी तुटली, अर्ध्यात गेले. ते म्हणले, अगं तुझ्यावाचून काय अडलं, तिकडं पूर्ण दीड तास नोंदला गेलाय. टोक खरं हाय. मोठं हाय. उद्या सगळ्यांना कळवायचं हाय, बाकीच्या तबकड्या वळवतील. मग म्हणले, "पण बारा वाजून सात मिनिटांच्या नोंदीत तू नुसतं 'उडाले' असं काय लिहिलंयस?" मी ते कधी लिहिलं मला आठवत न्हाई. हात वर करायच्या आधी बोटं चालली असणार.

तर माझं बाळ जेवलं. काकांचं काय झालं ते आता सांगते.

दोन दिवसांनी मोटर सोडली. पहिल्या दिवशी पाणी चाळीस मिनिटं चाललं आणि खाकरून बंद पडलं. पाच तासांनी परत चाळीस मिनिटं. रोज तसंच. काकांनी तीन दिवस बांधावर बसून घड्याळ लावलं. ठिबक लावून बी ते पाणी दोनशे दहा झाडांना प्यायला पुरायचं, पण फळं पोसायला न्हाई. झाड आणि फळ दोन्ही वाचवायला गेलं तर दोन्ही जाणार. काकांनी हे मला सांगितलं न्हाई, मीच बघत होते, ते एकेका झाडापाशी जायचे, फळाला हात लावायचे आणि परत यायचे.

चौथ्या दिवशी सकाळी ते मला रानात घेऊन गेले. हातात दोन रिकाम्या गोण्या. पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाशी थांबले. पानं जराशी उघडायला लागली होती, कडा अजून वळलेल्याच. फांदीला सात-आठ हिरवी फळं, टणक, पेरवाएवढी बी न्हाईत.

मी म्हणलं, "सगळीच?"

"सगळीच. अर्धी ठेवली तर झाड सगळं पाणी तिकडंच ओढतं. झाड राहिलं तर पुढच्या वर्षी बघू." असं म्हणून ते तसेच उभे. हात पुढं गेला आणि माघारी आला. मग माझ्याकडं न बघता म्हणले, "तू तोड गं बाई पहिलं. पॉइंट काढणाऱ्यानं तोडलेलं बरं असतं."

"काका, मी काही पॉइंट काढला न्हाई. मी..."

"माहीत हाय मला," काका म्हणले. "मला त्याच दिवशी माहीत होतं. तू दुसऱ्यांदा उडालीस तवा म्हाताऱ्याकडं बघितलंस आधी. तोड."

मी तोडलं. देठ चिवट होता, पिळावा लागला. मग काकांनी दुसरं तोडलं, आणि आमी दोघं ओळीनं सुरुवात केली.